दाजी अमेरिकेहून मासे धरायचा रॉड आणतायत, जिग आणि रबरी मासोळीला कोणता सांगू?

पूर्णाकाठ:
राम राम मंडळी. मी जिंतूरचा. येलदरीच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जातो. आजवर सगळं कणकेच्या गोळ्यावर नाहीतर गांडुळावर. मागल्या वर्षी डॅलसच्या दाजींनी जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ, त्यालाच जिग म्हणतात) आणि त्यावर लावायच्या रबरी मासोळ्यांची दोन पाकिटं दिली, तवापासून मरळाच्या नादाला लागलो आणि बाकी सगळं सुटलं.

अडचण रॉडची आहे. माझा घडीचा फायबरचा रॉड, साडेसातशेचा. पंधरा दिवसांत तीन मरळ गेले. तिसरा तर डोळ्यांदेखत. बुडालेल्या बाभळीच्या खुंटाजवळ मासोळी पडली, दोनदा ओढली, तिसऱ्यांदा दोरी आडवी पळाली. मी झटका दिला तर रॉड पार मुठीपर्यंत वाकला, उसाच्या वाढ्यावानी, आणि पुढं काहीच नाही. मासोळी रिकामीच परत आली, शेपूट तुटलेली. गळाचं टोक प्लास्टिकातून बाहेरसुद्धा आलं नव्हतं.

दाजी दिवाळीला येणार. म्हणतात, "बासचा रॉड आणतो. सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट, कास्टिंगचा, एका तुकड्याचा. इकडं जिगला तोच." बास हा तिकडचा मासा, त्यांचं दैवतच. १९३२ साली जॉर्जियात एकानं १० किलोचा धरला आणि २००९ साली जपानच्या बिवा तळ्यात त्या विक्रमाची बरोबरी झाली, हे मला दर फोनला ऐकावं लागतं. आपल्याकडं बास नाही, मरळ आहे. त्याला हा रॉड चालंल का? मीडियम हेवी, फास्ट म्हणजे नेमकं काय? आणि माझ्याकडची ३००० मापाची स्पिनिंग रीळ त्यावर बसंल ना?

मांजरापट्टा:
आमच्या आज्यानं बांबूला तंगूस (नायलॉनची दोरी) बांधून जेवढे मरळ काढले तेवढे तुमचं अख्खं डॅलस काढणार नाही. दाजींना म्हणावं, त्या पैशात पोरांना काहीतरी आणा.

गाळपेर:
मांजरापट्टा, आज्याच्या गळाला जिवंत बेडूक होता, ते सांगायचं राहिलं की राव.

पूर्णाकाठ भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गोची तिथंच आहे. कास्टिंगच्या रॉडवर स्पिनिंगची रीळ चालत नाही. म्हणजे दाबून बसवली तर बसते, पण सगळाच कारभार उलटा होतो. कास्टिंगला रीळ वरच्या अंगाला, दोरी ओवायच्या कड्याही वर आणि बारक्या, आणि खाली बोट अडकवायला बंदुकीसारखा घोडा. स्पिनिंगला रीळ खाली लटकते आणि पहिली कडी मोठी लागते, कारण दोरी वेटोळे घेत सुटते. दाजींना आजच फोन लावा आणि "स्पिनिंग" एवढा एक शब्द नीट सांगा. कास्टिंग रीळ वाईट नसते, पण फेकताना तिच्यावर अंगठा कधी दाबायचा नि कधी सोडायचा हे कळेस्तोवर निस्ता गुंता होतो. मी पहिल्या दिवशी माजलगावच्या धरणावर अर्धा दिवस दोरी सोडवत बसलो होतो. आधी नखं, मग दात, शेवटी कातर.

आता मीडियम आणि फास्ट. ही मापं दोन, लोक एकातच कालवतात. मीडियम, मीडियम हेवी ही ताकद: वाकवायला किती जोर लागतो. फास्ट म्हणजे रॉड कुठं वाकतो. फास्टवाला वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. तुमचा फायबरवाला मुठीपर्यंत वाकला, म्हणजे तुमचा झटका रॉडनंच खाल्ला, गळापर्यंत गेलाच नाही. तुम्ही टोक प्लास्टिकात लपवून लावायलाय ना? टेक्सास रिग म्हणतात ती हीच. बेशरमात आणि बाभळीत अडकत नाही म्हणून ती लावायची. पण त्याच कारणानं त्या टोकाला आधी प्लास्टिक फोडावं लागतं आणि मग मरळाचा जबडा, तो तर निव्वळ हाड. तिथं ताठ कणाच पाहिजे. शिवाय गळ लागला की मरळ खुंटाकडंच पळतो. पहिल्या दोन हातांत त्याला फिरवला तर आपला, नाहीतर बाभळीचा.

रॉडचं टोक मात्र हलकं, बोलकं पाहिजे. जिग खाली उतरताना, तळाला टेकताना, दगडावरून घसरताना सगळं बोटाला कळलं पाहिजे. मासा बहुतेक वेळा उतरतानाच घेतो आणि तेव्हा ओढ लागत नाही. निस्तं टक होतं, किंवा दोरी एकाएकी ढिली पडते. चांगल्या कार्बनच्या रॉडमध्ये ते टक मुठीत येतं, फायबरमध्ये वाटेतच विरतं. डोळे मिटून रॉड धरा आणि पोराला टोकावर नखानं टिचकी मारायला सांगा. आधी तुमच्या रॉडवर, मग चांगल्या रॉडवर. पुन्हा मला विचारायची गरज पडणार नाही.

मुठीच्या वर बारीक अक्षरात वजन लिहिलेलं असतं. मीडियम हेवी या शब्दापेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवा, कारण एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीत हेवी असू शकतो. अमेरिकेतला रॉड म्हणजे औंसात असणार, एक औंस २८ ग्रॅमचा. १/४ ते ३/४ लिहिलं असंल तर ७ ते २१ ग्रॅम. जिग आणि मासोळी मिळून वजन धरायचं. तुमचं शिसं १० ग्रॅमचं आणि मासोळी चार इंची असंल तर बरोबर मधोमध बसतं. पण दाजींच्या पाकिटातले जिगहेड ३-४ ग्रॅमचे, बारीक तारेच्या गळाचे असतील, तर हा रॉड त्यांना धड फेकणारही नाही आणि जोराच्या झटक्यात गळच सरळ होईल. ते चिलापीसाठी ठेवा, तुमच्या फायबरवाल्यावर. तोही फेकून देऊ नका.

दोरीपण बदला. तंगूस रबरासारखा ताणतो, लांबवर दिलेला झटका त्यातच जातो. ३० पौंडी वेणीची दोरी घ्या आणि पुढं हातभर ४० पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी बांधा, मरळाला दात असतात. ड्रॅग (रिळातून दोरी सुटण्यावरचा ब्रेक) गच्च आवळू नका आणि काठावर आलेला मासा रॉड उभा करून उचलू नका. टोक तसंच मोडतं.

एका तुकड्याचा रॉड तर आणूच देऊ नका. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. विमानाच्या सामानात बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत बसावं लागतं. दोन तुकड्यांचा १०७ चा होतो, नळीत घालून आरामात येतो. पुढं जिंतूरच्या एसटीतही तोच बसणार आहे.

रॉड आला की कापूस घ्या. आमचा एक रॉड ऑनलाइन मागवलेला, दोरी तीनदा तुटली, मी दोरीलाच शिव्या देत होतो. विकणारा म्हणाला तुम्हीच आपटला असंल, पैसे काही परत मिळाले नाहीत. एका म्हाताऱ्या कोळ्यानं कापसाचं बोंड पिंजून त्याची वात एकेका कडीतून ओढून दाखवली. चौथ्या कडीत धागे अडकले. आतल्या रिंगेला केसाएवढी चीर, डोळ्याला दिसतच नव्हती. आपल्या घरात कापूस पोत्यानं पडलाय, पाच मिनिटांचं काम आहे.

लाईनमन_मानवत:
मासे मला कळत नाहीत, तारा कळतात. कार्बनमधून करंट जातो. बॅकवॉटरच्या कडेनं मोटारींसाठी ११ हजाराची लाईन गेलेली असते, कुठं कुठं तारा झोळलेल्या असतात. सात फुटी रॉड डोक्यावरून फिरवायच्या आधी मान वर करून बघत जा. आणि परतीच्या पावसात ढग गडगडला की रॉड जमिनीवर टाकून काठ सोडायचा, "एकच शेवटचा" म्हणत बसायचं नाही.

मांजरापट्टा:
हे मात्र खरं बोललात. आणि भाऊ, धरणाचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, आधी त्यांना विचारून जा. पैठणच्या नाथसागराला तर उगं मनानं जाऊच नका, ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.

पूर्णाकाठ:
संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, ते ओळखीचेच निघाले. दाजींना फोनवर स्पिनिंग सांगितलं तर पाच मिनिटं गप्पच. म्हणाले, "तुला कुणी शिकवायलंय?"

पूर्णाकाठ (दिवाळीनंतर):
रॉड आला. स्पिनिंग, सात फुटी, दोन तुकडे, १/४ ते ३/४. कड्यांतून कापूस फिरवला, कुठंच अडकला नाही. आईनं विचारलं, ह्याच्या वाती कशाला वळायलास.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन त्याच खुंटावर गेलो. दुसऱ्याच फेकीला टक झालं. माझ्या नाही, दाजींच्या हातात, कारण म्हणाले आधी मी दाखवतो. दीडेक किलोचा मरळ, बाभळीकडं वळायच्या आधीच फिरवला. रॉड वरच्या हिश्श्यात वाकला, खाली ताठ. गाळपेर भाऊ म्हणाले अगदी तसंच.

पुढं घोळ झाला. बासचे दात म्हणं पॉलिश पेपरसारखे, तिकडं अंगठा तोंडात घालून खालच्या ओठाला धरून उचलतात. दाजींनी सवयीनं तेच केलं. मी ओरडेस्तोवर मरळानं तोंड मिटलं होतं. टाके पडले नाहीत, पण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं आणि ताईनं दोघांनाही घेतलं फैलावर. रॉड सध्या माझ्याकडंच आहे, दाजींना मूठ आवळता येईना.

गाळपेर:
अरारा. लांब चोचीची पक्कड सांगायची राहिलीच की.

लाईनमन_मानवत:
माझ्याकडं जुनी पडलीय एक. मानवतला आलात तर घेऊन जा.