सिगरेट सुटली, सहा किलो वाढले. हृदयाचं काय?

रामबागवाला:
सात महिने झाले सोडून. सत्तावीस वर्षं ओढली, दिवसाला दहा-बारा. वजन ७१चं ७७ झालं. ऑफिसात बसलो की पँटचं बटण उघडतो, वरून शर्ट बाहेर. दोष सिगरेटचा की इंदूरचा, देव जाणे. आधी चहा-सिगरेटवर अकरा वाजायचे. आता सकाळीच पोहे, वर शेव, शेजारी जलेबी. पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याचा वास तर मला या वयात नव्याने कळला! हिवाळाभर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू म्हणजे तळलेला कंद झाला, ते वेगळंच.

काल ठेल्यावर मित्र म्हणाला, "भिया, पोट घेऊन अटॅक येण्यापेक्षा रोज दोन ओढत जा, उतरेल." मी ५१चा. वडिलांना ५८व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून हसण्यावारी नेता येईना. वाढलेल्या वजनाने सोडल्याचा फायदा खरंच धुऊन जातो का?

नर्मदेचं पाणी:
मित्राला चहा पाजा, सल्ला घेऊ नका. निकोटिन भूक मारतं आणि शरीराला जास्त कॅलरी जाळायला लावतं. ते थांबलं की पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो चढतात, तुमचे सहा काही जगावेगळे नाहीत. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांवर नेमका तुमचाच प्रश्न तपासला होता, २०१३ साली छापून आलं. मधुमेह नसलेल्यांत, वजन वाढूनही, सोडणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या जवळपास निम्मा निघाला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, रक्त गुठळ्या धरायला टपलेलं असतं. हे "रोज दोन"नेही होतं.

पलासियाची सून:
वरचं पटलं, पण साखर बघा हो. २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात, सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मधुमेहाचा धोका पाच-सात वर्षांपर्यंत चढत गेला, मग उतरला. मृत्यूचा धोका मात्र ओढणाऱ्यांपेक्षा कमीच राहिला. आमच्या ह्यांची साखर तिसऱ्या वर्षी सापडली, पायाची जखम भरेना म्हणून. तलफ आली की बडीशेप खायचे. मी खूश! नंतर डबी उघडून पाहिली तर रंगीत, साखर चढवलेली, मूठ-मूठ. तुमच्या खिशात काय आहे ते आधी बघा. आणि उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते. ह्यांचं जेवणानंतर अर्धा तास चालणं कामी आलं.

रामबागवाला:
वहिनी, खिशात तीच निघाली. गुलाबी-हिरवी.

रिपोर्ट आले. बीपी १३८/८८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर आहात; सिगरेटचं नावही काढू नका, तीन महिन्यांनी पुन्हा या. जलेबी बंद. पोहे चालू, शेव बायको मोजून वाटीत देते. गराडूचं नोव्हेंबरात बघू.