मदत हवी आहे: चेहरा धुवायच्या दोन सौम्य क्लेन्झरच्या घटकांची यादी देतेय, कुठला घेऊ?

चाळीसगावची: लवकर सांगा, उद्या जळगावला जाणं आहे, तेव्हाच घेऊन टाकते.
पहिला: पाणी, सिटाइल अल्कोहोल, प्रोपिलीन ग्लायकॉल, सोडियम लॉरिल सल्फेट, स्टिअरिल अल्कोहोल, तीन पॅराबेन.
दुसरा: पाणी, कोकामिडोप्रोपिल बेटेन, डेसिल ग्लुकोसाइड, ग्लिसरीन, मीठ, फिनॉक्सीइथेनॉल, कोरफड, परफ्यूम.
पहिल्यात अल्कोहोलही आहे आणि सल्फेटही. म्हणजे दुसराच ना? चेहरा धुतला की ओढल्यासारखा होतो.

तापीकाठ: कशाने धुतल्यावर? सध्या काय वापरताय ते लिहिलंच नाही.

कळण्याची_भाकरी: बाटल्या कशाला? मसुराची डाळ दुधात वाटून लावा, वरून लिंबू.

तापीकाठ: ओढलेल्या चेहऱ्यावर लिंबू? त्याचा पीएच (जितका कमी तितकं आंबट) 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या. डाळीचा रवा घासला की गाल आणखी सोलतील.

वैशाख_वणवा: सल्फेट दिसलं की बाटली परत फळीवर. दुसराच घ्या ताई.

तापीकाठ: इतकं सोपं नाही. सिटाइल आणि स्टिअरिल हे मेणासारखे मेद-अल्कोहोल, स्पिरिटसारखे कोरडे करत नाहीत. फेस आणणारं लॉरिल सल्फेट एकटं असतं तर तुमचं बरोबर होतं. इथे ते यादीत सिटाइल अल्कोहोलच्या मागे, म्हणजे त्याहून कमी, आणि मेद-अल्कोहोलमध्ये गुंतलेलं. म्हणून फेसही जवळपास येत नाही. उलट दुसऱ्यातलं बेटेन 2004 मध्ये आणि ग्लुकोसाइड 2017 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ (अ‍ॅलर्जी आणणारा घटक) ठरवलंय. पॅराबेनला (ते टिकवण्यासाठी घालतात) 2019 मध्ये त्यांनीच ‘नॉन-अ‍ॅलर्जन’ म्हटलं.

वैशाख_वणवा: म्हणजे बेटेन सगळ्यांना चावतं का?

तापीकाठ: नाही, बहुतेकांना काही होत नाही. मला खटकतो तो शेवटचा परफ्यूम.

भुसावळ_जंक्शन: आधी पानी कोनतं शे ते सांग ना ताई. बोअरनं का नळनं?

चाळीसगावची: बोअरचं, टीडीएस 900. पण मी क्लेन्झरचं विचारलंय.

भुसावळ_जंक्शन: टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही मोजलं जातं. त्यावरून जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियम) कळत नाही. जडपणाची मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 600. घरी बघायचं तर दोन बाटल्या अर्ध्या भरा, एक बोअरच्या, एक आरओच्या पाण्याने. दोन्हींत चिमूटभर अंगाच्या साबणाचा चुरा टाकून हलवा. बोअरची गढूळ झाली, फेस आला नाही, तर पाणी जड. तो गढूळ साका म्हणजे कॅल्शियमचा साबण, तोच गालावर बसतो.

चाळीसगावची: साबणाचा काय संबंध? पहिल्याचा छोटा पॅक आहेच घरी. तो बुळबुळीत राहतो म्हणून वरून अंगाच्या साबणाने धुऊन टाकते, बस.

तापीकाठ: अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! साबणाचा पीएच 9-10, त्यात जड पाणी. क्लेन्झरला उगाच दोष. ती बुळबुळ म्हणजे मेद-अल्कोहोलचा पातळ थर, तो राहू द्यायचा असतो. रुपयाच्या नाण्याएवढं घ्या, ओल्या चेहऱ्यावर 20-30 सेकंद बोटांनी फिरवा, कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका. साबण बंद करून दोन आठवडे बघा.

कळण्याची_भाकरी: सनस्क्रीन पन लावा. 45 डिग्री चालू आहे.

चाळीसगावची: आणि दुसऱ्यातली कोरफड?

तापीकाठ: फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवणारं रसायन 1 टक्क्याच्या वर घालत नाहीत. त्याच्या मागे लिहिलेलं सगळंही 1 टक्क्याहून जास्त नसतं. कोरफड बाटलीवरच्या चित्रात जास्त आहे. तरी घ्यायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं ठेवून धुवा, आठवडाभर. खाज आली की थांबा.

चाळीसगावची: बरं. उद्या काहीच घेत नाही मग.

वैशाख_वणवा: सल्फेट ते सल्फेटच.

भुसावळ_जंक्शन: बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पापुद्रा चढतो, तो कोणी कसा काढतं?