रवांडात हुतू-तुत्सी हे शब्दच बंद केले, ते बरोबर की चूक?

माळरान:
७ एप्रिल १९९४ पासून साधारण शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन समाज. मारणारे कट्टर हुतू, मेलेले बहुतेक तुत्सी, शिवाय या कत्तलीला विरोध करणारे हुतूही. दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. शेतांचे बांध एकमेकांना लागून. तरी नाक्यानाक्यावर उभी पोरं ओळखपत्र मागायची आणि त्यावर 'तुत्सी' दिसलं की माणूस संपला. तो रकाना बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात घातला. भेद आधीही होते, पण गुरंढोरं वाढली की हुतूचा तुत्सी होऊ शकत असे. कार्डाने ती वाट बुजवली. नरसंहारानंतर रकाना काढला, आता सगळे फक्त रवांडन. एकोपा शिकायचा तर इथूनच, असं माझं ठाम मत आहे.

काजळी:
रकाना काढला, उत्तम. शब्द दाबणं मला पटत नाही. २००८ च्या 'नरसंहाराच्या विचारसरणी'विरोधी कायद्याची व्याख्या इतकी सैल होती की सरकारवर टीका करणारेही त्यात अडकले. आणि ज्या हुतूंची माणसं कागामेंच्या सैन्याने, म्हणजे नरसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या तुत्सी बंडखोरांनी मारली, त्यांनी रडायचं कुठे? गाचाचात, म्हणजे नरसंहाराच्या खटल्यांसाठी भरवलेल्या गावच्या न्यायालयांत, ते खटले घेतलेच नाहीत.

माळरान:
घेतले नाहीत, हा अन्यायच. पण गाचाचाला त्यावरून मोडीत काढू नका. गावातल्या गवतावर बसायचं, पंच गावानेच निवडलेले. २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली निघाली. आपल्या माणसाला कुठे पुरलंय, हे कित्येकांना तिथेच कळलं, मारणाऱ्याच्याच तोंडून.

पाणंद:
तुम्ही दोघंही रेडिओ विसरलात. कट्टर हुतूंचं आरटीएलएम हे रेडिओ केंद्र १९९३ मध्ये सुरू झालं. झकास गाणी, गप्पा, थट्टा, आणि त्यातच तुत्सींना 'इन्येन्झी' म्हणजे झुरळं म्हणणं. पुढे तर कोणाला शोधायचं, त्यांची नावंही सांगू लागले. कार्डाने माणूस ओळखता आला, पण हात उचलण्याइतकं मन या आवाजाने तयार केलं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

काजळी:
मग न्यांगे गावाचं काय? १९९४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या चर्चमध्ये दीड-दोन हजार तुत्सी आसऱ्याला आले होते. बुलडोझर लावून चर्च त्यांच्या अंगावर पाडलं. त्याबद्दल खुद्द तिथल्या धर्मगुरूला पुढे जन्मठेप झाली. त्याच गावच्या शाळेत मार्च १९९७ मध्ये हल्लेखोर घुसले. हुतू एकीकडे व्हा, तुत्सी एकीकडे, म्हणाले. मुलं जागची हलली नाहीत. काहींचे त्यात जीव गेले. आपण कोण, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक होतं, माळरान. शब्द माहीत असूनही ती एकत्र उभी राहिली.

माळरान:
शाळेचं माहीत होतं. ती त्याच गावातली, हे आज तुमच्यामुळे लक्षात आलं. मधे जेमतेम तीन वर्षं. रकान्याबद्दलचं मत मी बदलत नाही. पण त्या तीन वर्षांत त्या मुलांशी कोण काय बोललं असेल, हे मला आता शोधायचं आहे. कोणी यावर वाचलं असेल तर कृपया इथे लिहा.