प्रमाणपत्र वैध आहे, पण माणूस सक्षम आहे हे कशावरून ठरवावे?

देखभाल पर्यवेक्षक:
नमस्कार. आमच्या विभागात बंदिस्त जागेत काम करण्याचे प्रमाणपत्र असलेले ११ जण आहेत. गेल्या आठवड्यात टाकीच्या सफाईपूर्वी त्यांच्यापैकी एकाने गॅस डिटेक्टर मॅनहोलच्या तोंडाशी क्षणभर धरला, ऑक्सिजन २०.९ टक्के दिसताच परमिटवर (आत उतरण्याच्या लेखी परवानगीवर) सही केली आणि दोघांना आत उतरण्यास सांगितले. दुसऱ्या सहकाऱ्याने आग्रह धरून नमुना घेण्याची नळी तळापर्यंत सोडायला लावली, तेव्हा आकडा १७ वर आला. सही करणाऱ्याला लेखी परीक्षेत उत्तम गुण होते. व्यवस्थापन आता सर्वांना तोच अभ्यासक्रम पुन्हा करायला पाठवणार आहे. ज्या अभ्यासक्रमातून ही चूक निसटली, तो दुसऱ्यांदा केल्याने ती सुधारेल का?

सुरक्षा प्रशिक्षक:
मी हाच विषय शिकवतो, म्हणून आमच्या बाजूचा दोष आधी मान्य करतो. वर्गात तीस जण आणि डिटेक्टर एकच, अशी स्थिती असली की तो कसा दिसतो हे सर्वांना कळते, पण तो हाताळण्याची सवय कोणालाच लागत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर प्रवेश करू नये, हे आपल्या सहकाऱ्याला पाठ असणार. मात्र मॅनहोलच्या तोंडाशी बाहेरची हवा मिसळते, त्यामुळे तिथला आकडा टाकीच्या तळाबद्दल काही सांगत नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि मिथेन हलका असल्याने वर जमतो, म्हणून वर, मध्ये व तळाशी मोजावे लागते. आणि नळी लांब असेल तर नमुना सेन्सरपर्यंत पोहोचेपर्यंत थांबावे लागते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते. शिवाय ज्वलनशील वायू मोजणाऱ्या कॅटॅलिटिक सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तो शून्य दाखवू शकतो आणि ते शून्य फसवे असते. ऑक्सिजनचा आकडा आधी पाहायचा तो याच कारणाने. लेखी परीक्षेत आम्ही क्रम विचारतो, त्यामागचे कारण विचारत नाही.

अंतर्गत लेखापरीक्षक:
आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा व आरोग्य व्यवस्थापनाच्या २०१८ च्या मानकातील कलम ७.२ नुसार माणूस शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे सक्षम असल्याची खात्री संस्थेने करायची असते आणि त्यासाठी जे उपाय केले, ते परिणामकारक ठरले का हेही तपासायचे असते. मी पुरावा मागितला की बहुतेक ठिकाणी हजेरीपत्रक पुढे येते. अमेरिकेतील फोर्कलिफ्टचा नियम येथे उपयोगी पडेल: चालकाचे मूल्यमापन किमान दर तीन वर्षांनी होते, पण अपघात झाला, तो थोडक्यात टळला किंवा वेगळ्या प्रकारचे वाहन हाती आले, तर त्याआधीच उजळणी प्रशिक्षण द्यावे लागते. आपल्याकडील घटना थोडक्यात टळलेलीच आहे. तेव्हा त्या एका व्यक्तीची परमिटवर सही करण्याची मुभा तूर्त काढून घ्यावी आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली त्याने प्रत्यक्ष टाकीवर काही वेळा बिनचूक मोजमाप केल्यानंतरच ती परत द्यावी. इतर दहा जणांचेही असेच निरीक्षण करावे.

रात्रपाळी तंत्रज्ञ:
वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, तरी एक विचारतो. त्या वेळी नळी टाकीपाशी होती का? नसेल, तर सर्व काही ठाऊक असलेल्या माणसानेही कदाचित तोंडाशीच मोजले असते, विशेषतः काम खोळंबल्याची आठवण कोणी दर दहा मिनिटांनी करून देत असेल तर.

देखभाल पर्यवेक्षक:
प्रश्न वर्मी लागला. नळी भांडारात कुलपात होती आणि चावी दिवसपाळीच्या माणसाकडे; ती मिळवण्यात पाऊण तास गेला. फोन करून घाई करणारा मीच होतो. अभ्यासक्रमाची मागणी थांबवण्याची विनंती मी आज केली आहे. नळी यापुढे डिटेक्टरच्या पेटीतच राहील आणि टाकीपाशी प्रत्यक्ष मोजमापाची परीक्षा माझ्यापासून सुरू होईल. ती घेण्यासाठी बाहेरचा अनुभवी परीक्षक बोलवावा, की तळापर्यंत नळी सोडायला लावणाऱ्या त्या सहकाऱ्यालाच हे काम द्यावे, एवढे कोणी सांगावे.