स्पार्क प्लग दरवर्षी काढून बघायचे, की किलोमीटर भरले की थेट बदलायचे?

फोंडेकर: पाऊस तोंडावर आला की गॅरेजात एकच पालुपद, "प्लग काढून साफ करूया." माझं मत, काढू देऊ नका. साधे निकेलचे असतील तर ३०-४० हजार किलोमीटरला बदला, इरिडियमचे असतील तर ८० हजार ते १ लाखाला. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलात सापडेल. प्लग ज्यात आवळलेला असतो ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनावर पाना चालवला आणि आटे गेले, तर खर्च कुठल्या कुठे जातो.

डिचोलीकर: किलोमीटरचा हिशोब पणजी-मडगाव रोज करणाऱ्यांनी करावा. आमची गाडी घर ते बाजार, बाजार ते घर. प्लगच्या टोकावरची काजळी जळायला ते टोक साधारण ४५०-५०० अंशांपर्यंत तापावं लागतं, आणि आम्ही त्याआधीच गाडी बंद करतो. शिवाय काढलेला प्लग म्हणजे इंजिनाची नाडी. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट ओला निघाला तर ऑइल सिलिंडरात उतरतंय. पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन जादा तापतंय. एवढं कळत असताना डोळे मिटून का बसायचं?

फोंडेकर: पात्रांव, ते कार्बुरेटरच्या काळातलं शास्त्र. आता मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरात इंधन नीट पेटलं नाही, की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि स्कॅनर सिलिंडरसुद्धा सांगतो. पी०३०१ हा कोड आला की पहिला सिलिंडर. आणि 'साफ करणं' म्हणजे काय, तर तारेचा ब्रश! इरिडियमचं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, ते घासायचं?

म्हापसेकर: माझी डिझेल आहे. माझे कधी बदलू?

डिचोलीकर: तुमच्या गाडीत स्पार्क प्लगच नाहीत. ग्लो प्लग असतात, त्यांचा विषय वेगळा.

फोंडेकर, ब्रशचं मान्य. पण दिवा पेटेपर्यंत थांबणं पटत नाही. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते तो गॅप झिजून वाढत जातो तसा ठिणगीला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण येतो, आणि कॉइल प्लगपेक्षा कितीतरी महाग.

वास्कोकर: दोघेही सीएनजी विसरलात. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लग लवकर झिजतात. पेट्रोलचा आकडा आम्हाला लागू नाही. आणखी एक, सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरने पाणी मारू देऊ नका. ते प्लगच्या खड्ड्यात साचतं आणि आपल्या दमट हवेत लवकर सुकतही नाही. मग गाडी थरथरली की दोष प्लगला.

डिचोलीकर: म्हणूनच म्हणतो, वर्षातून एकदा बघा. इंजिन थंड होऊ द्या, हवा मारून खड्डा साफ करा, मग प्लग काढा. बसवताना आधी हाताने फिरवा, शेवटी टॉर्कचा पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळला जाईल.

फोंडेकर: एवढं सगळं करणारं गॅरेज दाखवा, मीच आधी गाडी लावतो. तोवर माझं बोनेट बंद.