मदत हवी आहे : दारासिंग विरुद्ध लू थेझ, नेमका कोणता किताब पणाला होता?

मंडळी, आमच्या तालमीत चार दिवस एकच वाद सुरू आहे. वस्तादांचं म्हणणं, दारासिंग नावाला मोठा, पण रिंगणाला दोर आले की कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली. कोल्हापूरच्या खासबागेच्या लाल मातीत चितपट करून दाखवलं असतं तर मानलं असतं. श्रीपती खंचनाळे (१९५९) आणि गणपतराव आंदळकर (१९६०) हिंदकेसरी झाले ते मातीत, हा वस्तादांचा हुकमी डाव. मला हे पटत नाही. ठरवून खेळलेल्या कुस्तीलाही अंगात ताकद आणि दम लागतोच. पण पुरावा द्यायला गेलो आणि अडकलो.

माझा सगळा भर १९६८ च्या मुंबईतल्या, अमेरिकन पैलवान लू थेझवरच्या विजयावर. दारासिंग तेव्हा जगज्जेता झाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण थेझचा एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स, अमेरिकेतली व्यावसायिक कुस्तीची संघटना) किताब १९६६ मध्येच जीन किनिस्कीनं घेतला होता! तालमीतल्या आरशाशेजारी त्या कुस्तीचं पिवळं पडलेलं कात्रण आहे, त्यातही नुसतं ‘जागतिक अजिंक्यपद’ एवढंच. तारखेचा कोपरा ओलीनं गेलाय. जुन्या पैलवानांना विचारलं, तर प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

सिनेमा, हनुमानाची भूमिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे किस्से नकोत, वस्ताद ते ऐकून घेणार नाहीत. त्या काळचं वर्तमानपत्र, मासिक किंवा कार्यक्रमपत्रिका कुणाकडे असेल तर फोटो चालेल.

१९६८ ला पणाला लागलेला किताब कोणत्या संघटनेचा होता? आणि दारासिंग मातीत, निकाली कुस्ती कुणाशी लढल्याची छापील नोंद कुठे मिळेल?