खंडणी दिली, पण घेतली कोणी?

येशूच्या मरणावरच्या एका पोस्टखाली तिघांचा वाद, टोपणनावांनी: दुसरा बकरा, रोमकर, शब्दवेल्हाळ. मूळ पोस्टचा सूर असा: निरपराधाला खिळून गुन्हेगार सोडणारा देव कसला न्यायी? वधस्तंभ म्हणजे रागावलेल्या बापाला दिलेला नरबळी.

दुसरा बकरा: हे चित्र सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या वळणाचं, तेही विटलेलं. मध्ययुगीन धर्मपंडित अॅन्सेल्मकडे (१०९८) ख्रिस्ताला शिक्षा नाहीच. एकतर देवाच्या मानाची भरपाई, नाहीतर शिक्षा. ख्रिस्त भरपाई करतो म्हणून शिक्षा टळते. आता बायबलातलं लेवीय १६ उघडा, पापक्षालनाचा विधी. दोन बकरे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक कापायचा, त्याचं रक्त पडद्याआड नेऊन दयासनावर (कराराच्या पवित्र पेटीच्या झाकणावर) आणि समोर शिंपडायचं. याजक दोन्ही हात ठेवून पापं कबूल करतो ती दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि तो जिवंत रानात जातो. पाप ज्याच्या माथी, तो कापलाच जात नाही!

रोमकर: त्याच अध्यायातलं पाचवं वचन गाळलंत. दोन्ही बकरे मिळून एकच पापार्पण. आणि यशया ५३ मधली दुसऱ्यांसाठी सोसलेली 'शिक्षा' कुठे ठेवायची? गलती ३:१३ मध्ये ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला, तो?

शब्दवेल्हाळ: भांडा खुशाल, पण घोळ भाषांतराचा आहे. मार्क १०:४५ मध्ये 'खंडणी'! वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर थेट गुंड. ग्रीक लुत्रोन म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायची रक्कम. रोम ३:२५ ला 'प्रायश्चित्त', तोच ग्रीक शब्द इब्री ९:५ ला 'दयासन'. दोन्हीकडे दयासन ठेवलं असतं तर निम्मा वाद उरला नसता.

रोमकर: खंडणी हा जुना दरबारी शब्द, हरलेल्या राजाने भरायची ती. गुंडांनी पळवला त्याला भाषांतरकार काय करणार? 'मुक्तिमूल्य' म्हणत प्रार्थना करायची का?

शब्दवेल्हाळ: करा की! नाहीतर घेणारा कोण ते सांगा. चौथ्या शतकातला धर्मगुरू निस्साचा ग्रेगरी म्हणतो सैतान; ख्रिस्ताच्या देहाच्या आमिषात लपवलेला देवत्वाचा गळ त्याने गिळला.

दुसरा बकरा: त्याच काळातल्या दुसऱ्या ग्रेगरीने, नाझियान्झसच्या, तेच झिडकारलं. दरोडेखोराला मोल द्यायचं? आणि पित्यालाही कसं? इसहाकाचा बळीसुद्धा त्याने घेतला नव्हता.

रोमकर: बरं, नरबळी हा शब्द मलाही नको. २ करिंथ ५:१९ प्रमाणे देवच ख्रिस्तामध्ये समेट करत होता. बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे असं नाहीच. पण शिक्षा सोडणार नाही.

शब्दवेल्हाळ: मग गुड फ्रायडेला न्यायाधीश आपल्या मुलाला फासावर देतो तो दृष्टांत तरी बंद करा. मूळ पोस्टवाला तोच ऐकून आलेला दिसतो.